बांडगुळाचा माळी

आमचा गोंदिया जिल्हा तळ्यांचा, धानाच्या बांध्यांचा आणि जंगलाचा. लांबलांबचे लोक इथे पक्षी पाहायला येतात, ते बहुतेक सारस पाहायला. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरले आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच पक्षी म्हणजे सारस. बांधीत उभा राहिला की पाच फुटांहून उंच! वजन सहा-सात किलो.

पण आज मी तुम्हाला सारसाची गोष्ट सांगणार नाही. आज आहे त्याच्या अगदी उलट टोकाचा पक्षी. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी काढा आणि ८ सेंटीमीटरवर बोट ठेवा. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत हा पक्षी एवढाच. वजन चार ते आठ ग्रॅम, म्हणजे साधारण पाच रुपयांच्या एका नाण्याएवढं. आता गणित करा पाहू! एका सारसाच्या वजनात असे किती पक्षी बसतील? हजाराच्या आसपास!

या पक्ष्याचं नाव फुलटोच्या. भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी हा एक. नागझिऱ्याच्या जंगलात तो आहे, नवेगावबांधच्या तळ्याकाठी आहे, आणि आमच्या शाळेच्या अंगणातल्या आंब्यावरही आहे. या आंब्यावरूनच मागच्या वर्षी आमच्या गावात एक वाद झाला.

झाड वाचवायचं की…

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. अंगणात एक जुना गावरान आंबा आहे. कोणी लावला, कोणाला आठवत नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की शेवटचे दोन तास आमचे वर्ग त्याच्याच सावलीत भरतात.

मागच्या मार्चमध्ये गावातल्या जाणत्या मंडळींनी वर पाहिलं आणि मान हलवली. आंब्याच्या हिरव्यागार पानांत जागोजागी वेगळ्याच पानांचे झुबके दिसत होते. बांडगूळ! ज्या फांदीवर बांडगूळ, तिचा पुढचा शेंडा वाळत चाललेला. "गुर्जी, येत्या रविवारी माणसं लावतो अन् सारं बांडगूळ छाटून टाकतो. नाहीतर झाड जाते," असं ठरलं. बरोबरच होतं त्यांचं. मीही हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना हे सांगितलं. तेव्हा पाचवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "गुर्जी, एवढं बांडगूळ झाडावर लावलं कोनं?"

वर्ग हसला. पण मी हसलो नाही, कारण प्रश्न खरा होता. एक मुलगा म्हणाला, "वाऱ्यानं बी उडालं असन." दुसरा म्हणाला, "आंब्याच्या आतूनच फुटते." मी म्हटलं, "रविवारला अजून पाच दिवस आहेत. उत्तर मी सांगत नाही. आपण रोज झाडाखाली बसून पाहू."

"चिक् चिक् चिक्"

पहिल्या दिवशी पक्षी दिसलाच नाही, नुसता ऐकू आला. 'चिक् चिक् चिक्' असा बारीक, तुटक आवाज. कोणी दोन गोटे एकमेकांवर हळूच आपटतंय असं वाटावं. आवाज एका जागी थांबत नव्हता. आत्ता या फांदीवर, तर लगेच त्या फांदीवर. फुलटोच्या ओळखायची पहिली खूण हीच, की तो आधी कानाला सापडतो आणि मग डोळ्याला.

दिसला तेव्हा मुलांची थोडी निराशाच झाली. ना रंग, ना तुरा! पाठ मातकट, जरा हिरवट झाक असलेली. पोट मळकट पांढरं. नर आणि मादी दिसायला सारखेच. पण चोच पाहा. बारीक, जराशी वाकडी आणि फिक्या मांसल रंगाची. या फिक्या चोचीवरूनच तो ओळखायचा.

गडबड होते ती शिंजिराच्या मादीशी. शिंजीर म्हणजे आपला जांभळा सूर्यपक्षी. त्याची मादीही लहान, तीही बांडगुळाच्या फुलांवर येते. पण तिची चोच लांब, काळपट आणि चांगली वळलेली असते. फुलटोच्याचा आणखी एक भाऊबंद आमच्या जंगलात आहे, जाड चोचीचा फुलटोच्या. त्याची चोच आखूड नि जाड, आणि बसल्या जागी शेपटी डावी-उजवीकडे हलवायची त्याला सवय. आमच्या फुलटोच्याला इंग्रजीत सॅम्युअल टिकेल या एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी अधिकाऱ्याचं नाव दिलेलं आहे. टिकेल नोकरी सैन्यात करायचे, पण जीव पक्ष्यांत रमायचा.

चिकट बियांची करामत

तिसऱ्या दिवशी उत्तर सापडलं. तेही झाडावर नाही, कपडे वाळत घालायच्या तारेवर!

शाळेमागच्या घरी अंगणात एक तार बांधलेली आहे. त्या घरचा मुलगा आमच्या चौथीत. तो धावत आला, "गुर्जी, तारेले शेंबडासारखं काहीतरी लोंबून राह्यलं." आम्ही सगळे पाहायला गेलो. तारेला एक चिकट दोरा लोंबत होता आणि त्यात मण्यांसारख्या दोन बिया ओवलेल्या होत्या. मी एक बी बोटावर घेतली. मग ती झटकता झटकेना. या बोटावरून काढली की त्या बोटाला चिकटते. मुलं हसून हसून लोळली.

आता ही करामत समजून घ्या. बांडगुळाचं फळ लहानसं, पिकल्यावर गुलाबी-लालसर होतं. आत एकच बी, आणि बीभोवती गोड चिकट गर. फुलटोच्या हे फळ आख्खं गिळतो. त्याच्या डोक्याकडे आणि फळाकडे आळीपाळीनं पाहिलं तर वाटतं, हे आत जाणार कसं? पण जातं.

पक्ष्यांच्या पोटात दळणारी एक पिशवी असते. तिला पेषणी म्हणतात. दाणे, किडे असं टणक खाणं तिथे दळलं जातं. बांडगुळाची बी तिथे गेली असती तर तिचं पीठच झालं असतं. पण फुलटोच्याच्या कुळातल्या पक्ष्यांत फळासाठी जणू वेगळी वाट ठेवलेली असते. किडे, कोळी पेषणीत जातात. बांडगुळाचं फळ मात्र तिला बगल देऊन थेट पुढे आतड्यात सरकतं. गर पचतो, बी साबूत राहते आणि काही मिनिटांतच बाहेर पडते.

बाहेर पडली तरी ती चिकटच असते, सहज खाली पडत नाही. म्हणून फुलटोच्या शेपटीखालचा भाग फांदीवर घासून ती पुसून टाकतो. त्याला वाटतं, चला, सुटलो! पण बी तर फांदीवर चिकटली ना? तिला माती लागत नाही. तिथेच ती हिरवा कोंब काढते आणि कोंब फांदीच्या सालीत शिरतो. झालं, बांडगूळ लागलं!

जाड चोचीच्या फुलटोच्याची रीत वेगळी. तो गर खातो आणि चोचीला चिकटलेली बी फांदीवर पुसतो. रीत कोणतीही असो, बी पोहोचते फांदीवरच. जमिनीवर पडलेली बी बांडगुळाच्या काय कामाची?

पाचवीतल्या त्या मुलीकडे मी पाहिलं. ती म्हणाली, "म्हनजे हा बांडगुळाचा माळी हाये!" आमच्या वर्गात फुलटोच्याचं तेच नाव पडलं.

तारेवरच्या दोन्ही बियांनी पुढे हिरवे कोंब काढले. मुलं रोज जाऊन पाहायची. पण तारेत ना रस, ना पाणी. थोड्याच दिवसांत कोंब वाळले.

फूल आणि टोच

बी पेरणं हे माळ्याचं अर्धंच काम. फळ येण्याआधी फूल यावं लागतं. बांडगुळाची फुलं नळीसारखी, केशरी-लाल रंगाची असतात. तयार कळीला पक्ष्यानं चोचीनं चिमटा काढला की ती उघडते. पक्षी आतला मध पितो आणि परागकण त्याच्या तोंडाला लागतात. पुढच्या फुलावर गेला की ते तिथे पोहोचतात. हे काम शिंजीरही करतो आणि फुलटोच्याही. म्हणून तर नाव फुल-टोच्या!

आपले थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कोकणात हेच सारं बारकाईनं पाहिलं आणि बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्या यांचा वाटा काय, यावर निबंध लिहिला. पुढे १९८० च्या दशकात प्रिया दविदार यांनी निलगिरीच्या डोंगरात आणखी एक गंमत टिपली. फुलटोच्यावर अवलंबून असलेल्या काही बांडगुळांची फुलं चक्क त्यांच्या फळांसारखी दिसतात! फळ शोधणारा पक्षी फुलालाही टोच मारतो आणि झाडाचं काम होऊन जातं.

आबाजींचा मोहा

इथपर्यंत सगळी मुलं फुलटोच्याच्या बाजूची झाली होती. मग शनिवारी शाळेत एक आबाजी आले. आमच्या सहावीतल्या मुलाचे आजोबा. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर मोहाची दोन मोठी झाडं होती. उन्हाळ्यात घरची सगळी माणसं पहाटे उठून त्यांच्याखाली मोहफुलं वेचायची. ती विकून आलेल्या पैशांतून खरिपाचं बियाणं यायचं, पोरांची दप्तरं यायची. त्यातल्या एका झाडावर बांडगूळ वाढत गेलं आणि अर्धं झाड वाळलं.

आबाजी मुलांना म्हणाले, "तुमचं पाखरू लहान हाये, पन काम पाहा केवढं करते. माह्या मोहाचं वाटोळं केलं त्यानं."

वर्ग एकदम गप्प झाला. मीही काय बोलणार? आबाजी खोटं बोलत नव्हते. बांडगुळाची पानं हिरवी असतात, स्वतःचं अन्न ते स्वतः तयार करतं. पण पाणी आणि क्षार मात्र झाडाकडून ओढून घेतं. एखाद-दुसरा झुबका असला तर मोठं झाड सोसतं. झुबके वाढत गेले की झाड थकतं. फांद्या वाळतात, बहर कमी होतो.

"मग फुलटोच्या चांगला का वाईट, गुर्जी?" सहावीतल्या त्या नातवानंच विचारलं.

मी उत्तराऐवजी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट फुलपाखराची. तुम्ही 'हळदीकुंकू' नावाचं फुलपाखरू पाहिलं असेल. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके. त्याच्या अळ्या बांडगुळाच्याच पानांवर वाढतात. बांडगूळ नाही, तर त्या अळ्या खाणार काय? आणि अळ्या नाहीत, तर हळदीकुंकू येणार कुठून?

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. तिथेही फुलटोच्याचा एक चुलतभाऊ आहे आणि तोही बांडगूळच पेरत हिंडतो. डेव्हिड वॉटसन नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यानं काही वनांमधलं बांडगूळ मुद्दाम पूर्ण काढून टाकलं आणि काय होतं ते पाहिलं. तीन वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या जाती सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी झाल्या! २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कमी झालेल्यांत बांडगुळाची फळं न खाणारे पक्षीही होते. बांडगुळाची पानं खाली गळतात, त्यात किडे वाढतात, किड्यांवर पक्षी जगतात. एक धागा ओढला की सगळं कापड आकसतं, तसं झालं.

आबाजी ऐकत होते. म्हणाले, "जंगलात राहू द्या ना मंग. माह्या मोहावर कायले?"

आणि मित्रांनो, मला वाटतं, खरं उत्तर आबाजींनीच दिलं. 'चांगला का वाईट' हा प्रश्नच चुकीचा होता. विचारायला हवं होतं, 'कुठे आणि किती?'

रविवारची मोजणी

रविवारी छाटणीवाले आले. पण आम्ही त्यांना आधी तासभर थांबवलं. मुलांनी झाडाभोवती फिरून बांडगुळाचे झुबके मोजले. सतरा भरले. मोजता मोजता पाचवीतल्याच एका मुलाला उत्तरेकडच्या फांदीच्या टोकाला काहीतरी लोंबताना दिसलं. वाटलं, वाळकं पान असेल. पण त्या पानात एक पक्षी शिरला!

ते फुलटोच्याचं घरटं होतं. एखाद्या आजीच्या बटव्याएवढं, मऊ, तांबूस. झाडांचे बारीक तंतू आणि कापूस कोळ्याच्या जाळ्यानं एकत्र बांधून केलेलं. वरच्या बाजूला एक चीर, तेच दार. फुलटोच्याची मादी साधारण दोन अंडी घालते, शुभ्र पांढरी. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हा घरट्यांचा मुख्य हंगाम. आम्ही जवळ गेलो नाही. खालूनच पाहिलं. दोघंही नवरा-बायको चोचीत काहीतरी घेऊन ये-जा करत होते. म्हणजे आत पिलं होती. बाळांना नुसत्या फळांवर कसं भागेल? त्यांना किडे आणि कोळी भरवतात.

मंडळींना दाखवलं. त्यांच्यात चर्चा झाली. कोणी म्हणालं, "एका पाखरासाठी झाड मारता का?" कोणी म्हणालं, "एका फांदीनं काय होते?" शेवटी असं ठरलं की, सतरापैकी तेरा झुबके आजच काढायचे, तेही बांडगुळाच्या गाठीच्या खालून फांदीसकट कापायचे. नुसती पानं तोडली तर ते पुन्हा फुटतं. घरट्याच्या फांदीला आणि तिच्या शेजारच्या एका फांदीला पिलं उडेपर्यंत हात लावायचा नाही. या दोन फांद्यांवर चार झुबके होते. आबाजींच्या दुसऱ्या मोहावरचं बांडगूळही त्याच दिवशी माणसं लावून काढून दिलं. अट एकच होती, पुढे जंगलातल्या ऐनावरचं कोणी तोडायचं नाही. आबाजी म्हणाले, "मी कशाला जातो तिकडे?"

बाराव्या दिवशी घरटं रिकामं दिसलं. चारपैकी तीन झुबके आम्ही काढले आणि एक ठेवला. का ठेवला? मुलांनी हट्ट धरला म्हणून. माळ्याची एक तरी बाग असू दे, म्हणाली.

यंदा आंब्याला बहर बरा होता. तो छाटणीमुळे की पावसामुळे, हे एका वर्षात सांगता यायचं नाही. आणि हो, दक्षिणेकडच्या एका फांदीवर यंदा तीन नवे कोंब दिसले आहेत. माळी काही सुट्टीवर गेलेला नाही! आम्ही आता एक वहीच केली आहे. दर वर्षी मार्चमध्ये झुबके मोजायचे आणि पाचांच्या वर गेले की जास्तीचे काढायचे. पहिल्या पानावर त्या मुलीनं फुलटोच्याचं चित्र काढलंय. चोच जरा जास्तच मोठी झालीय, पण रंग बरोबर आहे.

तुम्हीही करून पाहा

१. तुमच्या अंगणातल्या किंवा शाळेजवळच्या आंब्यावर बांडगूळ आहे का, पाहा. जंगल जवळ नसलं तरी चालेल. शहरात सिंगापूर चेरीचं झाड शोधा. त्याच्या फळांवरही फुलटोच्या येतो. ते फळ मोठं, म्हणून गिळत नाही, दाबून रस पितो.

२. झाडाखाली दहा मिनिटं गप्प बसा. 'चिक् चिक्' ऐकू आलं की आवाजाच्या दिशेनं पाहा. फिकी चोच दिसली तर फुलटोच्या, लांब काळपट चोच दिसली तर शिंजिराची मादी.

३. बांडगुळाचं पिकलेलं फळ खाली पडलेलं मिळालं तर बी एखाद्या दोरीला चिकटवा. कोंब येतो का, किती दिवस टिकतो, ते वहीत लिहा. झाडाच्या फांदीला मात्र चिकटवू नका हं!

४. घरटं दिसलं तर लांबूनच पाहा. फांदी वाकवू नका, हात लावू नका.

दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. चितमपल्ली वनाधिकारी म्हणून आमच्या नवेगावबांधला कितीतरी वर्षं राहिले आणि त्या दिवसांवर त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लिहिलं. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्या आठवड्यात तुमच्या गावातले मोठे पक्षी मोजाच. पण दहा मिनिटं काढून आपल्या या पाच-सहा ग्रॅमच्या माळ्याचीही हजेरी घ्या.

आणि पालकहो, पुढच्या वेळी कुणाला रागानं 'बांडगूळ' म्हणाल, तेव्हा जवळ मूल उभं आहे का, एकदा पाहून घ्या. आमच्या शाळेतलं असेल, तर ते तुम्हाला लगेच विचारेल, "कुठे अन् किती?"